फादर, डोळे उघडा

मार्थाबेन नसत्या तर हे लिहायला मी बसलेच नसते. म्हणून त्यांचं नाव सगळ्यांत आधी. त्या आणंदकडच्या, गुजराती ख्रिस्ती. फिकट सुती साडी, पायांत बारा महिने कॅनव्हासचे बूट आणि पर्समध्ये पैशांपेक्षा खडूचे तुकडे जास्त. सुरतेला पर्वत पाटियाच्या अलीकडे एका मिशनच्या शाळेत त्या पहिलीला शिकवायच्या आणि मी त्याच शाळेत झाडू मारायची. या दोन वाक्यांच्या मधलं अंतर त्यांनी मला ओलांडायला लावलं, ते कसं, तेवढंच सांगते.

मी अमळनेर तालुक्यातली. शाळा सातवीत सुटली. आई आजारी पडली, घरात माझ्या पाठची तिघं, भाकरी कोण थापणार? सोडली ती सोडलीच. पुढे लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर सुरतेला आले. तिथे आमच्याकडच्या माणसांना दोनच गोष्टी माहीत, खातं आणि खोली. खातं म्हणजे मागांचा कारखाना. मीही दोन वर्षं खात्यात बॉबिन भरायला होते. ज्यांनी खातं आतून पाहिलेलं नाही त्यांना सांगते, तिथे कानाचा काहीच उपयोग नसतो. शंभरेक माग एकदम खडखडत असतात, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ नीट हलवायचे. समोरचा पाहून ओळखतो. सहा महिन्यांत मी दहा हात लांबून बायकांची भांडणं 'ऐकत' होते. ही विद्या कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. खोकला लागला म्हणून खातं सोडलं आणि शाळेत झाडूचं काम धरलं.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. लोक मिळेल त्या गाडीने गावाला पळाले. आम्हीही उधना स्टेशनपर्यंत गेलो होतो, पण गाडीत शिरायला जागा मिळाली नाही, परत आलो. मोठ्या हिमतीने थांबलो असं मी कुणाला सांगत नाही. शाळा पुन्हा उघडली तेव्हा मुलं हळूहळू परतली, पण 'पहिली ब'च्या बाईंचं पत्र आलं, मी आता येणार नाही. 'पहिली ब' म्हणजे जवळजवळ सगळी आमच्याकडची, खानदेशी कामगारांची मुलं. घरात अहिराणी, शाळा गुजराती. 'अ' वर्गात जी बसेनात ती 'ब'मध्ये, अशी वाटणी.

मी व्हरांडा पुसत होते. ऑफिसात आमच्या हेडमिस्ट्रेस, सिस्टर म्हणायचो आम्ही त्यांना, डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मार्थाबेन आतून बाहेर आल्या, माझ्या हातातला पोछा काढून घेतला आणि मला तशाच ओल्या हातांनी आत नेलं.

"सिस्टर, आ वर्ग शोभा लेशे." शोभा म्हणजे मी.

सिस्टर म्हणाल्या, "ए तो सातमी सुधी भणेली छे!"

"ते छोकरांनी भाषा तो जाणे छे ने? पहेलीनो वर्ग छे, कॉलेज नथी."

"आणि वर्ग मागे पडला तर?" सिस्टरांनी विचारलं.

"तो भूल मारी गणजो. जूनमां हुं पण नहीं आवुं."

म्हणजे माझी चूक ती त्यांची चूक, आणि जूनपासून त्यांचीही नोकरी नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, "मार्थाबेन, मला गुजराती बोलता येतं, लिहिता कुठे येतं?" त्या हसल्या. "डरवानुं नहीं. छोकरां तने खाई थोडां जवानां छे?" घाबरायचं नाही, पोरं काही खाणार नाहीत तुला.

ठरलं ते असं. एप्रिलात शाळेचे मॅनेजर फादर स्वतः येऊन 'पहिली ब' तपासणार. मुलं वाचली तर दुसरीत जाणार आणि वर्ग माझ्याकडे राहणार. नाही वाचली तर वर्ग बंद, मुलांची नावं कमी, मी परत झाडूवर आणि मार्थाबेन घरी. सदतीस मुलं, एक मी, एक त्या. रोज झोपताना मी हे बोटांवर मोजायची.

दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया डबे खायच्या, मार्थाबेन मला शिकवायच्या. "तारा मराठी अक्षरना माथेथी पदर काढी नाख, अर्धुं गुजराती थई गयुं," म्हणाल्या. खरंच, वरची आडवी रेघ काढली की निम्मी अक्षरं गुजराती निघाली. उरलेल्या अर्ध्यासाठी मात्र दोन महिने गेले. मी मुलांच्या फक्त एक धडा पुढे असायची. एखाद्या पोराने पान उलटून पुढचं विचारलं असतं तर माझी पंचाईत होती.

पण पोरं विचारत कसली, ती तोंडच उघडत नव्हती. माझी खरी परीक्षा तिथे होती. पहिलीचा वर्ग म्हणजे गोंगाट, असं सगळे समजतात. माझा वर्ग देवळासारखा गप्प. सिस्टर येता-जाता डोकावून म्हणायच्या, "केवी शिस्त!" आणि मला एप्रिल आठवायचा. फळ्यावर अक्षर लिहावं, "वाच" म्हणावं, आणि पोराने नुसतं माझ्याकडे बघत राहावं. निम्म्याहून जास्त मुलं अशी.

त्यात एक सुमन होती. सहा वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. तिला मी तीनदा उभं केलं. तीनदा तिने पुस्तक तोंडासमोर धरलं आणि चकार शब्द काढला नाही. चौथ्या वेळी मी पट्टी उचलली आणि तिच्या तळहातावर एक फटका दिला. ती रडलीसुद्धा नाही. आवाज न करता खाली बसली.

त्याच आठवड्यात, मी फळा पुसून वळले तर सुमन पलीकडच्या बाकावरच्या मैत्रिणीशी बोलत होती. आवाज न काढता, ओठांनी. मी दोन वर्षं खात्यात काढलेली बाई. माझ्या डोळ्यांनी ते आपोआप वाचलं.

"हाई ते झाडूवाली बाई शे ना व?"

मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले आणि तसेच ओठ हलवले, आवाज न काढता. "हां, तीच शे. मंग?"

तिचा चेहरा आजही डोळ्यांसमोर आहे. चोरी पकडल्यावर होतो तसा आधी, आणि मग एकदम गावाकडचं माणूस बाजारात भेटल्यावर होतो तसा. ती हसली. मग मीही हसले. मी पुस्तक तिच्या हाताखाली थोडं खाली दाबलं, म्हणजे तोंड दिसावं, आणि ओठांनीच म्हटलं, "वाच." तिने अख्खं पान वाचलं. एक चूक नाही. म्हणजे त्या तिन्ही वेळी ती पुस्तकाआड वाचतच होती, आणि चौथ्या वेळी मी तिला वाचल्याबद्दल मारलं होतं.

तो फटका मी अजून विसरलेले नाही. शिकवण्यात पुष्कळ चुका झाल्या, त्या सगळ्यांना कारणं सांगता येतील, या एकाला नाही. त्या दिवशीच पट्टी कपाटावर टाकली.

मग मी चाळींत फिरले, आणि जे कळलं ते मला आधीच कळायला हवं होतं, कारण माझ्याही घरात तेच होतं. एक खोली. बाप रात्रपाळीला बारा तास मागांपुढे उभा राहून सकाळी येतो आणि दिवसभर झोपतो. पंधरा दिवसांनी पाळी बदलली तर त्याच खोलीत काका झोपतो. घरात कायम कुणीतरी झोपलेलंच. आई खात्यात शिकलेली, ती घरातही ओठांनी बोलते. मुलं बोलायला शिकतात तीच अशी. मोठं माणूस आडवं झालेलं दिसलं, डोळे मिटलेले दिसले की आवाज बंद. याला आमच्यात चांगलं वळण म्हणतात. दिवसा ओरडणाऱ्या पोराला चाळीत इज्जत नाही.

मी मुलांना सांगितलं, शाळेत कुणी झोपत नाही. हवं तेवढं ओरडा. हाताने हँडल ओढल्यासारखं केलं की माग सुरू, मोठ्याने वाचायचं. हात खाली केला की लाइट गेली, सगळे गप्प. त्यांना हे लगेच समजलं, बापाला बघितलेलं होतं ना. आठ दिवसांत वर्ग असा खडखडायला लागला की 'अ' वर्गाच्या बाई तक्रार घेऊन आल्या. त्या दिवशी मी घरी गोड शिरा केला.

पण एक तक्रार मिटते तर दुसरी उभी. सुमनचा बाप आला. डोळे लालभडक, केसांत कापसाचे तंतू. दारातच म्हणाला, "ताई, पोरगी घरमा वाचस, मनी झोप मोडस. रातभर उभा ऱ्हास मी. हिले शाळामाच वाचू द्या ना."

घरचा अभ्यास बंद करते म्हणाले असते तर एप्रिलात काय झालं असतं ते दिसत होतं. आणि त्या माणसाला रागावणार तरी कसं? माझा नवरासुद्धा त्या वेळी घरी झोपलेलाच होता. मी म्हटलं, "दादा, सुमन घरी वाचेल, पण तुमच्या कानाला कळणार नाही."

असा आमचा घरचा अभ्यास सुरू झाला. मूल आईसमोर बसायचं आणि ओठांनी वाचायचं. आईला अक्षर येत नसलं तरी ओठ कळतात. बाप झोपला असेल तर असं, जागा असेल तर मोठ्याने. आया असल्या कडक परीक्षक निघाल्या की मार्थाबेनसुद्धा चकित झाल्या. सुमनची आई एकदा फाटकात गाठून म्हणाली, "टीचर, काल तिनी वाचं नही, नुसतं चघळं." मी विचारलं, तर खरंच सुमनने ते पान वगळलं होतं.

'टीचर' मला पहिल्यांदा त्या बाईने म्हटलं. मी मागे वळून पाहिलं होतं, मार्थाबेन आल्या की काय म्हणून.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पहिलीचं मूल वाचतंय की पाठ म्हणतंय हे ओळखणं फार अवघड. चांगल्या कानाचं मूल अख्खं पुस्तक गाण्यासारखं पाठ करतं आणि बोट ओळीवरून फिरवत जातं, घरचे खूश. त्यावर उपाय मार्थाबेननी शिकवला. चित्रावर हात ठेवायचा आणि खालच्या ओळीपासून वर वाचायला सांगायचं. पाठ केलेलं मूल तिथे अडतं. मार्चअखेर माझी जवळजवळ सगळी मुलं खालून वर वाचत होती. मी वर्गात येशूच्या फोटोला हात जोडायची आणि घरी आल्यावर आमच्या देवांनाही. कुणाची नाराजी नको.

एप्रिलात फादर आले. पांढरा झगा, पांढरी दाढी, हातात काठी. स्वभावाने भले असावेत, पण मला तेव्हा ते न्यायाधीश दिसत होते. मला सांगितलं, वर्गाच्या मागे भिंतीशी उभ्या राहा, एक शब्द बोलायचा नाही. सिस्टर त्यांच्या शेजारी. मार्थाबेन दारात, बुटांच्या टोकावर.

फादर खुर्चीत बसले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हुं आंख बंद करीने सांभळुं छुं. पछी बराबर समजाय, कोण वांचे छे ने कोण गोखेलुं बोले छे." मिटल्या डोळ्यांनी ऐकलं की घोकलेलं लगेच कळतं, असं त्यांचं म्हणणं. आणि डोळे मिटून मान खुर्चीला टेकवली. "चालो, पहेली छोकरी. छेल्ली लीटीथी."

खालच्या ओळीपासून! मी मनात म्हटलं, जिंकलो. सुमन उभी राहिली. मला फक्त तिच्या दोन वेण्या दिसत होत्या.

वर्ग गप्प.

फादर म्हणाले, "वांच, बेटा."

गप्प. थोड्या वेळाने सुमन आपणहून खाली बसली, वाचून झाल्यासारखी. दुसरा मुलगा उठला. तेच. तिसरी मुलगी. तेच. फादरनी डोळे न उघडताच सिस्टरांकडे मान वळवली. सिस्टर जमिनीकडे बघत होत्या. मार्थाबेननी दाराची चौकट धरली. इतके महिने वाया गेले, पोरं भेदरली, मार्थाबेनची नोकरी मी घालवली. झाडू कुठल्या कोपऱ्यात ठेवलाय हेसुद्धा मला त्या क्षणी आठवलं, खोटं कशाला सांगू.

चौथा मुलगा खिडकीकडच्या बाकावरचा. पुस्तकावर उजेड पडावा म्हणून तो जरा तिरका उभा राहिला आणि मला त्याचे ओठ दिसले. तो वाचत होता. खालची ओळ, मग वरची, मग त्याच्या वरची. अगदी बरोबर.

मी फादरकडे पाहिलं. मान टेकलेली, डोळे मिटलेले. आणि मला उमजलं. सदतीस शहाणी पोरं, चांगल्या वळणाची. समोर म्हातारा माणूस झोपलाय, त्याला उठवायचं कसं?

बोलायचं नाही असं बजावलेलं होतं. हँडलची खूण करावी तर मुलांच्या पाठी माझ्याकडे. मी बाकांच्या मधून चालत पुढे गेले. गुजराती, मार्थाबेननी कष्टाने शिकवलेलं सगळं गुजराती, डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. जे आलं ते मराठीत.

"फादर, डोळे उघडा."

सिस्टर म्हणाल्या, "शोभाबेन!"

"फादर, डोळे उघडा. पोरं वाचताहेत. तुम्ही झोपलाय असं वाटतंय त्यांना."

फादरनी डोळे उघडले. मार्थाबेन पुढे आल्या आणि खोलीची, पाळीची, ओठांची सगळी गोष्ट त्यांना भराभर गुजरातीत सांगितली. ते ऐकून घेत होते, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मुलं काही बोललीच नाहीत आणि बाई म्हणते वाचली, कुणीही हसलं असतं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, न शिकवलेलं शेवटचं पान उघडलं, सुमनला जवळ बोलावून एका ओळीवर बोट ठेवलं. मला म्हणाले, तुम्ही तिथे दाराशी जा. ही आवाज न काढता वाचेल. काय वाचलं ते तुम्ही सांगा.

मी दाराशी गेले. सुमनने माझ्याकडे तोंड केलं. पानावर नजर टाकली, अडखळली, पुन्हा पाहिलं. मग ओठ हलले.

मी मोठ्याने म्हणाले, "मामा बपोरे पापड लाव्या."

देवाची कृपाच, त्या ओळीत म, ब, प होते, ओठ मिटायला भरपूर जागा होत्या. शिवाय ते पुस्तक मला तोंडपाठ होतं, हेही कबूल करते. पण सुमनला नव्हतं. तिने ती ओळ आयुष्यात पहिल्यांदा वाचली होती.

फादरनी चष्मा चढवला आणि बोटाखालची ओळ पुन्हा वाचली. मग डोळे मोठे करून वर्गाला दाखवले आणि म्हणाले, "जुओ, हुं जागुं छुं!"

मी वर्गाकडे वळले. "फादर जागा शेतस! वाचा!" आणि हँडल ओढलं.

जो आवाज उठला तो त्या शाळेने आधी कधी ऐकला नसेल. सदतीस पोरं, सदतीस पुस्तकं, खालून वर. खिडकीची तावदानं हलली म्हटलं तर जरा जास्त होईल, पण शिपाई मैदानातून धावत आला हे खरं. फादर काठीने जमिनीवर ताल देत होते. मग एकेकाला बोलावून त्यांनी ऐकलं. जेवणाची वेळ टळली तरी उठले नाहीत. तीन मुलं अडली, त्यांना उन्हाळ्यात मार्थाबेननी बघायचं असं ठरलं. वर्ग दुसरीत गेला. दारातून निघताना फादर मला म्हणाले, "बहेन, आजे हुं पण थोडुं वांचतां शीख्यो." मी त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सवयीने मी झाडू घेऊन वर्ग झाडत होते. मार्थाबेन आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "टीचर, आ शुं चाले छे?" त्यांनी टीचर म्हटलेलं ते पहिल्यांदा. मी झाडूसकट खाली बसून रडले.

पुढे कितीतरी वर्षं 'पहिली ब' माझ्याकडे होती. कागदावर मी शेवटपर्यंत 'मदतनीस'च राहिले, सातवीच्या पुढे माझ्याकडे कागद नव्हता. कुणी अनोळखी माणूस ऑफिसात आला की छाती धडधडायची, माझी चौकशी तर नाही ना? ती धडधड निवृत्तीपर्यंत गेली नाही. सुमन आता सुरतेतच कोसाडला राहते. तिची मुलगी आमच्याच शाळेत शिकली, आणि भयंकर आरडाओरडा करायची. मागच्या वर्षी मी सुमनची त्या फटक्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "टीचर, माले तर आठवतबी नही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. तिच्या ओठांवरून तसं वाटलं.

मार्थाबेन निवृत्त होऊन आणंदकडे गावी गेल्या. वर्षातून दोनदा फोन व्हायचा, दिवाळीला त्यांचा आणि नाताळला माझा. या वर्षी माझा फोन त्यांच्या सुनेने उचलला. म्हणाली, मम्मीला आता काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन लावून घेत नाहीत. कुणाशी बोलत नाहीत, खिडकीत बसून राहतात.

मी फोन ठेवला आणि हे लिहायला बसले.

मार्थाबेन, तुम्ही माझ्यासाठी दोन महिने दुपारचा डबा उघडला नाही. मी येणार आहे. प्रवासाला सोबत मिळाली, माझे गुडघे जरा बरे झाले की एक दिवस नक्की येणार आहे. रोज दुपारी तुमच्यासमोर उजेडात बसेन आणि ओठ कसे वाचायचे ते तुम्हाला शिकवेन. अवघड नाही ते, तुमच्या 'पहिली ब'ला येत होतं. डरवानुं नहीं. तुम्ही फक्त डोळे उघडे ठेवा.